इरा की इरावती? नावाचा अर्थ आणि घरातलं महाभारत

जागरणवाली | शनिवार, पहाटे ३.२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होते. आज पहिलाच धागा काढतेय, तोही एका हाताने, कारण दुसऱ्या हातावर धाग्याचा विषय झोपलाय.

आषाढ वद्य दशमीला आम्हाला मुलगी झाली. कृत्तिका नक्षत्र, दुसरा चरण, म्हणून गुरुजींनी अक्षर काढून दिलं 'ई'. ऱ्हस्व चालेल का विचारलं, तर म्हणाले, "चालेल. बोलताना कोण मोजतंय." माझ्या आणि नवऱ्याच्या मनात नाव आधीपासून तयार होतं, इरावती. घरात हाक मारायला इरा. दोघंही एरंडवण्यात वाढलो, इरावतीबाई कर्व्यांचं लिखाण कॉलेजात असताना वाचलं, आणि तेव्हापासून ते नाव डोक्यात बसलं होतं. पत्रिकेतलं अक्षर आपणहून जुळल्यावर आम्हाला वाटलं, आता कोण काय बोलणार?

सगळे बोलले.

सासूबाई म्हणाल्या, "इरा कसलं? आधीच आमच्या घरातली माणसं इरेला पेटतात." नणंदबाईंना कानात नाव सांगायचा मान आहे, त्यामुळे त्यांनी मन लावून शोधाशोध केली. एका साइटवर अर्थ मिळाला 'सावध', दुसऱ्या साइटवर 'सरस्वती', तिसऱ्या साइटवर 'पृथ्वी'. एकाच नावाचे इतके अर्थ कसे, म्हणून त्या आता 'ईश्वरी'वर आल्यात. आणि परवा रात्री चुलतसासऱ्यांनी फॅमिली ग्रुपवर अमरकोशातली एक ओळ टाकून खाली लिहिलं, "इरा म्हणजे दारू. नाव अभ्यास करून ठेवावे." पुढे अडतीस मेसेज आले. निम्म्यांत नुसत्या हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या बाहुल्या.

बारसं पुढच्या रविवारी आहे, घरीच. पाळणा मावशीकडून आणून, धुऊन-पुसून दिवाणखान्यात ठेवलाय. नाव तेवढं ठरायचंय. तर प्रश्न साधा आहे. इरा आणि इरावतीचा खरा अर्थ काय? आणि काकांचं म्हणणं खरं आहे का?

गोविंदघ्या_गोपाळघ्या | शनिवार, सकाळी ६.०५

पहिला! अभिनंदन. घुगऱ्या कुरिअरने पाठवता का?

पंतांची_नात | शनिवार, सकाळी ९.४०

अभिनंदन गं. मी शाळेत संस्कृत शिकवते, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं मला जमणारं नाही.

आधी काकांचं. ओळ त्यांनी बरोबर शोधलीय, वाचताना मात्र एकाच शब्दावर थांबले. अमरकोश म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश. त्याच्या नानार्थवर्गात, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या भागात आहे, "इरा भूवाक्सुराप्सु स्यात्". समास फोडला की चार शब्द मिळतात: भू, वाक्, सुरा आणि अप्. म्हणजे भूमी, वाणी, मद्य आणि पाणी. चारांतलं तिसरंच नेमकं काकांच्या नजरेत भरलं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. नणंदबाईंनाही सांग की पृथ्वी आणि सरस्वती (वाणीची देवता म्हणून) या दोन्ही अर्थांचं मूळ इथेच आहे. साइटवाल्यांनी कोश फाडून एकेक तुकडा वाटून घेतलाय, इतकंच.

पण अमरकोश बराच नंतरचा. इरा हा शब्द ऋग्वेदात आहे आणि तिथे त्याचा रोख पोषणाकडे आहे. जे प्यायलं की अंगात जीव येतो ते. पाणी, दूध, रस, आणि त्यावरून एकूणच अन्नपाणी. आता त्याला '-वत्' लाव. धन जिच्याकडे ती धनवती, तशी इरा जिच्याकडे ती इरावती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात विष्णूच्या सूक्तात (७.९९.३) हा शब्द फार सुंदर आलाय:

इरावती धेनुमती हि भूतं सूयवसिनी मनुषे दशस्या

इथे गंमत अशी की ही इरावती एक नाही, दोन आहेत. ते वैदिक द्विवचन आहे. एक आकाश आणि एक पृथ्वी. दोघींना म्हटलंय, माणसाला द्यायला म्हणून तुम्ही अन्नपाण्याने भरलेल्या व्हा, गाईगुरांनी भरलेल्या व्हा, चांगल्या चाऱ्याच्या व्हा. पुढच्या अर्ध्या ऋचेत विष्णू या दोघींना वेगवेगळं टेकू देऊन धरतो आणि पृथ्वीला चहूबाजूंनी खुंट्या मारून पक्की करतो. तंबू ठोकावा तशी.

शब्द चारा, गाय आणि पाण्याच्या शेजारी बसलाय. आषाढात जन्मलेल्या मुलीला यापेक्षा बरं काय मिळणार?

काथ्याकूट | शनिवार, सकाळी १०.१५

म्हणजे थोडक्यात दारू आहेच. काका १, धागाकर्ती ०.

पंतांची_नात | शनिवार, सकाळी १०.३१

आहेच. मी कुठे नाकारलं? पण आपण मराठीत "तो पितो" म्हणतो, तेव्हा कोणी ताक समजतं का? पिण्याच्या शब्दांचं सगळीकडे असंच होतं. म्हणून 'पिणं' हा शब्द काही वाईट ठरत नाही.

लेफ्टराइट | शनिवार, दुपारी १२.५०

निवृत्त फौजी, सध्या मुक्काम वानवडी. संस्कृत मला येत नाही, पण इरावती मी पाहिलीय. पंजाबात तिला रावी म्हणतात. इरावतीतला पुढचा 'इ' गळला आणि रावती, रावी असं होत गेलं. नोकरीतली काही वर्षं पठाणकोट-गुरदासपूर भागात गेली, तेव्हा रोजची ओळख होती. हिमाचलातून येते, चंब्याला वळसा घालते, मग पुढे काही अंतर तीच सरहद्द असते आणि त्यानंतर ती लाहोरकडे जाते. पावसाळ्यात पात्र असं बदलायची की कालच्या नकाशावर आज भरवसा नाही.

आमच्या वेळी मेसमध्ये कोणीतरी सांगितलं होतं की १९२९ च्या डिसेंबरात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तो लाहोरला, रावीच्या काठी. तेव्हापासून नदीकडे बघायची नजर बदलली. १९६० च्या पाणी करारात रावी, बियास, सतलज आपल्या वाट्याला आल्या, हेही सांगून ठेवतो.

इरावतीबाईंचं नाव या नदीवरूनच ठेवलं होतं. एका नदीचं नाव मुलीला द्यायचं म्हणजे लहान गोष्ट नाही. जरूर ठेवा.

जुनी_पुस्तकं | शनिवार, दुपारी १.४५

सर, सलाम. पण शेवटचं जरा दुरुस्त करतो. इरावतीबाईंची नदी पंजाबातली नव्हे, ब्रह्मदेशातली. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तिकडे होते. १९०५ च्या डिसेंबरात म्यिंजान या गावी त्यांचा जन्म झाला, आणि हे गाव इरावदीच्या काठचं. तिथल्या नदीवरून मुलीचं नाव इरावती. सातव्या वर्षी त्यांना हुजूरपागेत शिकायला पुण्याला धाडलं, आणि पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या घरच्यासारख्या वाढल्या. बर्लिनला जाऊन डॉक्टरेट, १९३९ पासून डेक्कन कॉलेज, आणि पुण्यात स्कूटरवरून फिरणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. 'युगान्त'ला साहित्य अकादमी मिळालं, हे बहुतेकांना माहीत असेलच.

अर्थात ब्रह्मी नदीचं नावही आपल्याच शब्दावरून गेलेलं. म्हणजे पंजाबातला शब्द समुद्र ओलांडून तिकडे गेला आणि एका मराठी बाळाच्या पाळण्यातून पुण्यात परत आला.

लेफ्टराइट | शनिवार, दुपारी १.५८

दुरुस्ती मान्य. ठेवा मात्र.

पंतांची_नात | शनिवार, दुपारी ३.१०

नद्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. वेदात रावीचं नाव इरावती नाही, परुष्णी आहे. "इमं मे गङ्गे यमुने सरस्वति" या नद्यांच्या यादीत तिचं नाव आहे, आणि सुदास राजाचं दहा राजांशी युद्ध झालं तेही परुष्णीच्या काठी. यास्क निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात सांगतो, "इरावतीं परुष्णीत्याहुः". त्याच्या काळी लोकांच्या तोंडी इरावती होतं आणि परुष्णी कोण हे समजावून सांगावं लागत होतं. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांनी त्याचंच हायड्राओटिस करून टाकलं.

इंद्राचा ऐरावतसुद्धा याच घरातला. इरा म्हणजे पाणी, पाण्याने भरलेला तो इरावान्, म्हणजे समुद्र, आणि त्यातून निघाला तो ऐरावत. रामायणात मात्र वेगळी वंशावळ दिलीय. तिथे इरावती नावाची आईच आहे आणि ऐरावत तिचा मुलगा. महाभारतात अर्जुन आणि उलूपीचा मुलगा इरावान्. तो भीष्मपर्वातच पडतो. आपल्याकडे त्याला कोणी विचारत नाही, पण तमिळनाडूत कूवागमला तृतीयपंथी दरवर्षी त्याच्याशी लग्न लावतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी रडतात.

विरामचिन्ह | शनिवार, दुपारी ४.२२

नणंदबाईंच्या 'सावध'चा उलगडा. हिब्रूत 'इरा' हे नाव आहे, अर्थ सावध किंवा जागरूक, आणि तिकडे ते पुरुषाचं नाव. इंग्रजी स्पेलिंग एकच पडतं, मग यादी करणाऱ्याने दोन्ही एका डब्यात टाकले. तुमच्या मुलीशी त्याचा काही संबंध नाही. (पहाटे ३.२० ची वेळ बघता आईशी असावा.)

आता वाईट बातमी. मी डेक्कनला स्पॅनिशच्या क्लासला जातो. स्पॅनिशमध्ये इरा म्हणजे राग, संताप. लॅटिनमधून आलंय.

जागरणवाली | शनिवार, सायंकाळी ५.००

दारू झाली, राग झाला. आता आणखी काय राहिलंय?

सासूबाईंना स्पॅनिशचं सांगितलं. म्हणाल्या, "मी काय वेगळं म्हणत होते?"

पंतांची_नात | शनिवार, रात्री ९.१५

आता राहवत नाही, सांगूनच टाकते. काकांना कळलं नाही म्हणून बरं. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अग्निमित्राच्या धाकट्या राणीचं नाव इरावती. तिसऱ्या अंकात ती येते तीच मद्य चढलेल्या अवस्थेत, पाय लटपटतायत, दासीला विचारतेय की मी बरी दिसते ना. राजाबरोबर झोपाळ्यावर बसायचं ठरलेलं असतं. राजा मात्र बागेत विदर्भाच्या मालविकेपाशी घोटाळत असतो. इरावती ते झाडाआडून बघते, आणि मग कमरेची साखळी काढून राजाला मारायला उगारते. राजा पाया पडतो. ती पाया पडलेल्याला तसाच टाकून निघून जाते.

दारू आणि राग, दोन्ही एकाच अंकात.

मी हा प्रवेश कितीदा वाचला असेल, पण दर वेळी मला तीच आवडते. धारिणी थोरली राणी, समजूतदार. मालविका गरीब गाय. फसवलं जाण्याचा सरळ राग येतो तो फक्त इरावतीला. कालिदासाने नाव ठेवताना अमरकोशातल्या त्या तिसऱ्या अर्थाकडे डोळा मारला असेल का, हे मला सांगता येणार नाही, पण वाचताना माझ्या मनात येतं खरं.

काथ्याकूट | शनिवार, रात्री ९.२०

नाव ठेवाच. माझा विरोध मागे.

नियमावली | रविवार, सकाळी ८.३०

मंडळी भावनेच्या भरात आहेत, म्हणून थोडं शास्त्र. पारस्कर गृह्यसूत्रात (घरगुती संस्कारांचा जुना ग्रंथ) मुलीच्या नावाचा नियम आहे, "अयुजाक्षरमाकारान्तं स्त्रियै". अक्षरं विषम हवीत आणि शेवटी 'आ' हवा. इरा, अक्षरं दोन. इरावती, चार, आणि शेवटी 'ई'. दोन्ही बाद.

शिवाय मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात "नर्क्षवृक्षनदीनाम्नीम्" असा श्लोक आहे. नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून करू नये. लग्नाच्या वेळी अडचण येऊ शकते. मी फक्त निदर्शनास आणून देतोय.

गोविंदघ्या_गोपाळघ्या | रविवार, सकाळी ८.३४

नक्षत्र, झाड, नदी. अहो, मग माझी आई रोहिणी, बायको रेवती, सासू तुळसा आणि आजी गोदावरी. आमच्याकडे तीन पिढ्या लग्नच होता कामा नये होतं.

जुनी_पुस्तकं | रविवार, सकाळी १०.०५

नियमावली, श्लोक तुम्ही बरोबर दिलात. पण महाराष्ट्राने तो कधी मनावर घेतला नाही. आपल्या आज्या-पणज्यांची नावं आठवा. गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, नर्मदा, भागीरथी, सगळ्या नद्याच. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. लग्नात दोघींचीही नावं बदलली, पण ती मनूला भिऊन नव्हे. तेव्हा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची रीतच होती.

आणि तुम्ही लग्नाचं काढलंत म्हणून कर्व्यांच्याच घरातलं सांगतो. अण्णा, म्हणजे महर्षी कर्व्यांनी १८९३ साली पुण्यात पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी. बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. गोदू म्हणजे गोदावरीच. त्या लग्नाबद्दल अण्णांवर गावाने, मुरुडने, बहिष्कार घातला, त्यात नदीच्या नावाचा कोणाला पत्ताही नव्हता. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, घरात सगळे त्यांना बाया म्हणत. त्यांचा मुलगा दिनकर, आणि दिनकररावांची बायको इरावती. सासू गोदावरी, सून इरावती. त्या घरात मनूचा हा श्लोक दोनदा मोडलाय आणि पुण्याने त्या घराच्या नावाचा रस्ता केलाय.

नियमावली | रविवार, सकाळी १०.४०

रस्ता अण्णांच्या नावाचा आहे, नदीच्या नव्हे. बाकी मुद्दा चांगला आहे. माझी मुलगी कावेरी. मी निदर्शनास आणून देत होतो, एवढंच.

पंतांची_नात | रविवार, सकाळी ११.१२

मनूचं काढायचंच तर दुसऱ्या अध्यायातलंही काढा. मुलींची नावं उच्चारायला सोपी, कठोर नसलेली, अर्थ स्पष्ट असलेली, मनोहर, मंगल, दीर्घ स्वरात संपणारी आणि आशीर्वादासारखी असावीत, असं तिथे म्हटलंय. इरावतीला यातलं काय लागू पडत नाही? अर्थ स्पष्ट नाही असं फार तर काका म्हणतील.

अर्जदार | रविवार, दुपारी २.३०

अर्थाचं तुम्ही बघा, मी स्पेलिंगचं सांगतो, कारण जन्मभर तेच पुरतं. आमची मुलगी इरावती, आता सातवीत. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा फॉर्म मी घाईत भरला, आणि इंग्रजीत सुरुवातीला ए घातला. हौस म्हणून. दाखला हातात आला त्यावर मराठीत 'ऐरावती'. हत्तीण! दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. तिसऱ्या खेपेला खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "ऐरावती काय वाईट आहे?" आजीने दोन महिने तिला गजगामिनी म्हणून हाक मारली.

तेव्हा ताई, दोन गोष्टी. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी बिघडत नाही. नाव मागाहून घालता येतं, वर्षभरात फुकट, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि 'व'साठी व्ही की डब्ल्यू ते नवराबायकोने आजच भांडून मिटवा. पासपोर्टला, शाळेला, आधारला एकच ठेवा.

काळजीवाहू_आत्या | रविवार, दुपारी ४.००

मला नाव आवडलं, पण आमच्या सोसायटीच्या बागेत "इरा" म्हणून हाक मारली की तीन मुली वळून बघतात. चौथीला जागा आहे का ते बघा. पूर्ण इरावती मात्र एकही नाही.

शोधनिबंध | रविवार, सायंकाळी ६.१८

एक अवांतर. संस्कृत शब्दाचा अर्थ पक्का करायचा तर पुण्याइतकं सोयीचं गाव नाही. वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा कोश इथलाच, आणि आपटे फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य. त्यात इरा उघडा, पृथ्वी, वाणी, सरस्वती, पाणी, अन्न, मद्य, सगळं एका ओळीत मिळेल. याहून खोल जायचं तर डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चाललाय. तिथे प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठे आला, पुढे कसा बदलत गेला, ते ग्रंथागणिक दाखवतात. जुन्या खणांत चिठ्ठ्या आहेत, एका चिठ्ठीवर एक शब्द आणि एक संदर्भ.

फक्त काम अजून 'अ'मध्येच आहे. तुमच्या 'इ'पर्यंत पोचेस्तोवर मुलगी स्वतः आजी झालेली असेल. बारसं उरकून घ्या.

वळीव_मुळशी | रविवार, रात्री १०.५०

एवढे शिकलेले लोक बोलत्यात तर मी बोलावं का नको, असं झालं. मी मुळशीकडचा, सध्या कोथरूडला ऱ्हातो. मला इरा म्हटलं की पहिलं इरलं आठवतं. शहरातल्या पोरांना दाखवावं लागंल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं दाबून बसवलेली, वरनं डोकं आणि खाली पार कमरेपर्यंत पाठ झाकती. भात लावताना बाई वाकलेली असती, तर छत्री कशी धरणार? हात दोन्ही चिखलात. इरलं पाठीवर असलं की पाऊस वरच्या वर वघळून जातो. लांबून बघितलं तर खाचरात कासवं चालल्यासारखी दिसत्यात. माझी आजी म्हणायची, इरल्याच्या आत पावसाचा आवाज वेगळा येतो. मी लहान असताना तिच्या इरल्यात शिरून बसायचो. खरंच वेगळा येतो.

आता प्लास्टिकचे कागद आले. इरलं इणणारी माणसं ऱ्हायली नाहीत फार.

इरलं आणि इरा एक का, ते मास्तरीणबाई सांगतील. मला नाव चांगलं वाटलं.

पंतांची_नात | रविवार, रात्री ११.२०

एक आहेत असं मी म्हणणार नाही. दोन शब्दांचा आवाज जुळला की नातं लावायचा मोह होतो, पण तसं करू नये, हे मीच मुलांना शिकवते. पण दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पुराणांत कश्यपाची एक बायको इरा आहे. तिच्यापासून झाडं, वेली, झुडपं आणि सगळं गवत जन्मलं. विष्णुपुराणात आहे. बांबू हेही गवतच. इतकंच म्हणून थांबते.

जागरणवाली | सोमवार, पहाटे २.४५

सगळ्यांचे आभार. सगळा धागा नणंदबाईंना पाठवला. त्यांनी दुपारी वाचून फोन केला. म्हणाल्या, "ती साखळी उगारणारी राणी मला आवडली. ईश्वरी राहू दे." एक मत वाढलं.

काकांना ऋचा पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

सासूबाईंना गोदूबाईंची गोष्ट वाचून दाखवली. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव कृष्णा. तुला कधी बोलले नाही." सात वर्षं मी या घरात आहे, मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं.

गोविंदघ्या_गोपाळघ्या | सोमवार, सकाळी ७.१०

आता घुगऱ्या पाठवाच.

जागरणवाली | पुढचा सोमवार, पहाटे ४.०५

बारसं झालं. इरावती. व्ही घातलाय, डब्ल्यू नाही. अर्जदारदादा, फॉर्म तिघांनी तपासला.

पाऊस सारखा होता, तरी पंचवीस माणसं आली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. नणंदबाईंनी कानात नाव सांगून कुर्र केलं, तर बाईसाहेब इतक्या जोरात रडल्या की पाठीत धपाटे घालायचे सगळेच विसरले. ताटातल्या तांदळात नाव लिहायला काकांनाच बसवलं. चार अक्षरं सुवाच्य लिहिली, ऱ्हस्व इसुद्धा नीट. उठताना हळूच मला म्हणाले, "अप् म्हणजे पाणी हे माझ्या लक्षात होतं हं." मी म्हटलं, "हो काका." जेवणाबरोबर त्यांना मुद्दाम पन्हं दिलं, इरा म्हणून. त्यांनी दोन पेले घेतले.

माझ्या माहेरची पणजीआजी मावळातून आली होती. वय नव्वदच्या वर, ऐकू कमी येतं. नाव काय ठेवलं विचारलं. इरावती. काय? इरावती. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. तिने मान डोलावली, पाळण्यात वाकली, बाळाची टोपी सारखी केली आणि म्हणाली, "काय गं इरले?"

वळीवदादा, मी तिला तुमचं काही सांगितलेलं नव्हतं. आता घरात सगळे तीच हाक मारतात. सासूबाईसुद्धा.